घरगुती प्रार्थनासभा: दीड तास पुरे

मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. आज इथं चर्चची कमतरता नाही, पण रविवारी ऐकलेलं बायबलचं वचन जगण्याला लावून बघायला आठ-दहा जणांची घरगुती सभाच लागते.

साडेसात ते नऊ. गीतं दोनच. मग बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कनं सांगितलेली येशूची कथा, उघडा. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं. एका बैठकीला बारा-पंधरा वचनं, तीही दोनदा मोठ्यानं वाचलेली. दुसऱ्या अध्यायात चौघं जण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळं आत जाता येईना म्हणून छप्पर उसकटून त्याला खाटेसकट खाली सोडतात. येशू पाहतो तो त्या सगळ्यांचा विश्वास. इथं थांबा आणि विचारा: आपल्यात सध्या कोणाला उचलून न्यायला हवंय? या एका प्रश्नावर अर्धा तास गेला तरी चालेल.

सभा बिघडते ती विनंत्यांच्या वेळी. ‘अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा’ म्हणत घरच्या भानगडी चव्हाट्यावर येतात. म्हणून विनंती स्वतःचीच सांगायची. दुसऱ्याची, त्याला विचारूनच. वहीत तारखेसह लिहा, पुढच्या आठवड्यात आधी तिचीच चौकशी करा.

पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले तर प्रवचन नको, हे अदबीनं आधीच सांगावं. नाहीतर नऊचे दहा होतात. आणि खायला चहा-बिस्किटंच. शिरा-पोहे सुरू झाले, की ऐपत नसलेली मंडळी सभेला घर द्यायला कचरतात.