वहीत नसलेली धाव

1 जानेवारी, रात्री साडेदहा. हंट्सव्हिल.

चवळी काल रात्रीच भिजत टाकली होती. इथे अलाबामात वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खाल्ली की वर्षभर पैशाला कमी पडत नाही, असं मानतात. शेजारच्या आजी ती डुकराच्या हाडासोबत तासन् तास रटरटवतात, मी आपली कांदा-खोबरं आणि गोडा मसाला लावून उसळ करते. उसळीचा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचं, त्यांचा मक्याचा ब्रेड खायचा आणि मग आजोबांची कॅसेट बघायची, हा नऊ वर्षांचा शिरस्ता. पैशाचं म्हणाल तर अजून काही जाणवलेलं नाही.

कॅसेट म्हणजे खरोखरची, व्हीएचएस. लेबलवर बॉलपेनने लिहिलेलं आता फिकट झालंय. 1 जानेवारी 1993, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममधला शुगर बोल, अलाबामा विरुद्ध मायामी. कॉलेज फुटबॉलचा मोसम संपला की चांगल्या संघांना आमंत्रण देऊन असे सामने भरवतात, त्यांना बोल म्हणतात. त्या वर्षी पहिला आणि दुसरा क्रमांक एकाच बोलमध्ये समोरासमोर आले होते, म्हणजे जिंकेल तो देशाचा विजेता.

पहिली दोन वर्षं मला पडद्यावर फक्त ढिगारा दिसायचा. शिट्टी, ढिगारा, शिट्टी, ढिगारा. मग हळूहळू माणसं वेगळी दिसायला लागली. आता तर मला मायामीवाल्यांचीच जरा दया येते. लागोपाठ 29 सामने जिंकून आले होते, आदल्या वर्षीचे विजेते. त्यांच्या जिनो टोरेटाला नुकताच हाइजमन मिळालेला, म्हणजे देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. त्यांच्या लमार थॉमसने सामन्याआधीच अलाबामाच्या कॉर्नरबॅकची, म्हणजे पास अडवणाऱ्या कडेच्या बचावपटूंची, यथेच्छ खिल्ली उडवून ठेवली होती. आजोबा हे दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी तितकेच चिडतात.

अलाबामाही त्या मोसमात एकही सामना हरलेला नव्हता. संघाचं शंभरावं वर्ष, पण 1979 नंतर एकही राष्ट्रीय विजेतेपद नाही. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, जे बार्कर. त्याने त्या रात्री 13 पास टाकले, 4 पोचले, मिळाले 18 यार्ड. अख्ख्या सामन्यात अठरा! आमचा ड्राइव्हवे त्याहून फार आखूड नाही. बाकी सगळा भार पळणाऱ्या डेरिक लॅसिकवर आणि बचावावर. हा बचाव मात्र बघण्यासारखा. मध्येच अकराच्या अकरा जण रेषेवर येऊन उभे राहायचे, आता झेप कोण घेणार आणि मागे कोण सरकणार याचा पत्ताच लागू द्यायचे नाहीत. टोरेटाचा चेहरा जाळीआडूनही गोंधळलेला दिसतो.

आजोबा पूर्ण सामना लावत नाहीत. कॅसेट तिसऱ्या क्वार्टरला आणून ठेवलेली असते. मध्यंतराला 13-6. मग टॉमी जॉन्सन टोरेटाचा पास मध्येच पकडतो, त्यातून लॅसिकचा टचडाउन होतो, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की सहा गुण, आणि वर एक जादा गुण मिळवायची संधी. मायामीच्या पुढच्याच खेळीत जॉर्ज टीग अजून एक पास पकडतो आणि 31 यार्ड पळत थेट टचडाउन. सोळा सेकंदांत दोन. 27-6. इथे आजी स्वयंपाकघरातून हात पुसत येतात, कारण खरी गोष्ट आता असते.

मायामी आपल्याच टोकापासून 11 यार्डांवर अडकलेला. टोरेटा लांब फेकतो. थॉमस पळता पळता चेंडू घेतो आणि त्याच्यापुढे कुणी म्हणजे कुणीच नसतं, नुसतं रिकामं कृत्रिम गवत. खिल्ली उडवणाऱ्याच्याच नशिबी मोकळं मैदान यावं याला काय म्हणायचं! मागे टीग. हेल्मेटच्या बाजूला 13 आकडा, कारण अलाबामाच्या हेल्मेटवर चित्रबित्र नसतं, खेळाडूचा आकडाच असतो. सुरुवातीला अंतर बरंच आहे. मग ते कमी होतं. का कमी होतं ते मला नऊ वर्षांत कळलेलं नाही, कारण थॉमस काही सावकाश पळत नाहीये. एंड झोन, तो टोकाचा पट्टा, समोर आलेला. आता टीग फार तर मागून पाडेल असं वाटतं. तो पाडत नाही. एसटीत चढणाऱ्याच्या काखेतली पिशवी मागून ओढावी तसा तो पळता पळता चेंडू काढून घेतो आणि उलटा पळायला लागतो. थॉमसचा हात क्षणभर तसाच राहतो, चेंडू धरल्यासारखा वाकलेला.

आजोबा रिमोटचं बटण दाबतात. चित्र थांबतं, मधोमध पांढरी पट्टी थरथरत राहते. दरवर्षी इथेच.

आज मी म्हटलं, पुढे जाऊ द्या ना. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात चपला घालून शिरले. कारण पुढे काय आहे ते त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. पिवळा रुमाल, म्हणजे नियम मोडल्याची पंचांची खूण. चेंडू सुटायच्या आधी अलाबामाचा एक जण ऑफसाइड, म्हणजे रेषेच्या पुढे, होता. म्हणजे दंड बचावाचा, आणि घ्यायचा की नाही हे मायामीने ठरवायचं. थॉमस पोचला असता तर त्यांनी दंड सोडून टचडाउन घेतला असता. चेंडूच गेल्यावर मात्र त्यांनी मुकाट्याने पाच यार्डांचा दंड घेतला. चेंडू परत त्यांचाच, 16 यार्डांवर. खेळी रद्द. टीगची ती धाव, ती पिशवी ओढणं, काहीच घडलं नाही असं धरायचं.

शेवटी लावलं त्यांनी. पंच दोन्ही हात कमरेवर ठेवून ऑफसाइडची खूण करतो, मायामीची पुन्हा फेकाफेक होते, काही जमत नाही आणि पंट, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांना देऊन टाकायचा. अगदी रटाळ. आजी म्हणाल्या, एवढ्यासाठी माझे मटार गार झाले. (इकडे चवळीला मटार म्हणतात, काळ्या डोळ्याचे मटार. मी वाद घालणं सोडून दिलंय.)

घरी आल्यावर मिरजेला फोन लावला. तिकडे सकाळ. बाबांनी तीस वर्षं गावातल्या क्रिकेटच्या सामन्यांचं गुणलेखन केलं. मांडीवर लांबट वही, खिशात दोन बॉलपेन, धावा निळ्याने आणि विकेट लालने. लहानपणी मी शेजारी बसून टिंबं मोजायचे. त्यांना अमेरिकन फुटबॉल काय सांगायचा? पण ही एक खेळी सांगता येते.

"बाबा, समजा नो बॉल पडलाय. बॅट्समनने उंच उचलला. सीमेवरच्या पोराने उडी मारून झेलला."

"आऊट नाही."

"आऊट नाही, पण सिक्स तर वाचला ना? तस्सं."

"बरं. मग?"

"मग काही नाही. तीस वर्षांहून जास्त झाली, इथे लोक अजून तेच बघतात. आणि वहीत त्याची नोंदच नाही. खेळी रद्द म्हणजे एक टिंबसुद्धा नाही."

मला वाटलं बाबा हळहळतील. पोराचा गुडघा फुटलेला मी स्वतः पाहिलाय, चौकार अडवताना, आणि त्या पोरासाठी बाबांच्या वहीत रकाना नव्हता तेही पाहिलंय. तेव्हा मी भांडलेही होते, आठ वर्षांची असेन. पण बाबा म्हणाले, "बरोबर आहे. आधी चूक कुणाची? त्यांचीच ना? मग लिहिणाऱ्याने काय करायचं?" गुणलेखक तो गुणलेखकच.

जरा थांबून म्हणाले, "शेवटी किती झाले?"

"34-13."

"हे 13 कसे?"

मी सांगितलं. दोन फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेले, तीन-तीनचे. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये केविन विल्यम्सने अलाबामाचा पंट 78 यार्ड परत आणून केलेला टचडाउन, त्यावरचा जादा एक गुण.

"म्हणजे तो बक्षीसवाला जो फेकत होता..."

"टोरेटा."

"त्याच्या पासवर टचडाउन किती?"

मी मनात पुन्हा मोजलं. सहा, सहा, एक. टोरेटाचे तीन पास टीग आणि मंडळींनी पकडले, पण त्याच्या हातून टचडाउन...

"एकही नाही."

"शून्य लिहिलंय ना वहीत?"

"हो."

"मग तिथेच आहे की तुझा माणूस," म्हणाले, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.