आधी बांध कोण रचतं ते पाहा

‘आमच्या डोंगरातल्या गावात जुनी घरं आहेत, पायऱ्यांची शेती आहे. गाव न बिघडवता यावर पर्यटन उभं राहील का?’ तुम्ही विचारलंत, आणि हे मला बरेच जण विचारतात. त्यावर मी आधी एवढंच विचारतो: ते सगळं आज राखतं कोण?

फिलिपाइन्समधल्या इफुगाव लोकांची भातखाचरं १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली आणि सहाच वर्षांत, २००१ मध्ये, धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली. पाहायला लोक येत होते, पण कसणारी तरुण माणसं खाली शहरात निघाली होती. अशी खाचरं दर वर्षी नव्याने उभी करावी लागतात. वरचं जंगल राखायचं, पाट उपसायचे, ढासळलेला बांध लगेच रचायचा. एक खाचर पडीक राहिलं की त्याचं सुटलेलं पाणी खालच्याचा बांध फोडतं. डागडुजी आणि गावपातळीवरचं नियोजन झाल्यावर, २०१२ मध्ये ती धोक्याच्या यादीतून बाहेर आली. पर्यटकाचा पैसा हॉटेलवाल्यापाशी थांबला आणि बांध रचणाऱ्यापर्यंत पोचलाच नाही, तर तो कशासाठी राबेल?

जपानमधलं त्सुमागो मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. एदो (आजचं टोकियो) ते क्योतो या जुन्या नाकासेन्दो मार्गावरचं हे मुक्कामाचं गाव. रेल्वे दुसरीकडून गेली आणि गावाचं येणंजाणं तुटलं. १९७१ मध्ये रहिवाशांनी आपसांत ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. यातली मधली अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. बाहेरच्याने घर भाड्याने घेऊन दुकान थाटलं की संध्याकाळी तो कुलूप लावून जातो. तिथे विजेच्या तारा नजरेआड नेल्या आहेत आणि दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी असते.

म्हणून फलक आणि माहितीपत्रकं नंतर करा. आधी चुन्याशिवाय दगडी बांध रचणारे, छप्पर शाकारणारे किती जण उरलेत ते मोजा, आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांना मजुरी द्या. खोल्या किती काढायच्या हे भर उन्हाळ्यातल्या झऱ्याच्या पाण्यावरून ठरवा. आणि पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशातला बांधांचा वाटा किती, हे पहिला पाहुणा यायच्या आधी, सगळं गाव बसलेलं असताना लिहून घ्या.