गच्चीवरचा वारा, वाट्या आणि जानेवारीतल्या रात्री

मागच्या नोंदीत माझ्या गच्चीवरच्या वारामापकाचे, म्हणजे वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्यांचे, आकडे वेडेवाकडे येतायत म्हणून लिहिलं होतं. त्याचं कारण पाण्याची टाकी निघाली. अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या वीसपट अंतरापर्यंत आणि वर दुपटीपर्यंत वारा घुसळलेला असतो, असा ढोबळ नियम आहे. पुण्यात कोथरूडच्या आमच्या गच्चीवरची टाकी दीड मीटरची, म्हणजे तीन मीटरपर्यंत सगळा गोंधळ, आणि माझ्या वाट्या होत्या दोन मीटरवर. आता पाच मीटरचा जीआय पाइप उभा केलाय, तीन बाजूंनी तारेचे ताण दिलेत. फेऱ्या मोजणारे चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जुनेच. वाट्या आता एका लयीत फिरतात.

पण संध्याकाळी सातनंतर त्या थांबतात त्या थेट सकाळी उन्हं वर आल्यावरच हलतात. आधी वाटलं, स्विच गेला. हाताने फिरवून पाहिलं, मोजणी बरोबर होती.

उत्तर संक्रांतीला मिळालं. दिवेलागणीला मैदानात झाडाचं पान हलत नव्हतं, पण एका मुलाचा पतंग वर स्थिर होता आणि मांजा ताणलेला! दुसऱ्या दिवशी वारा मोजायचा हातातला मीटर घेऊन वेताळ टेकडीवर गेलो. गच्चीवर शून्य होतं तेव्हा माथ्यावर सेकंदाला चार मीटरच्या आसपास वारा होता. टेकडीवर चढताना वारा मुळातच वेग घेतो, त्यामुळे हा आकडा मोकळ्या हवेतला धरू नका.

सूर्य मावळला की जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला लागून असलेली हवा जड होऊन बसते. दिवसा ऊन तापवून वरखाली ढवळत असतं, ते ढवळणं बंद पडतं. मग वरच्या हवेला खालच्या घरा-झाडांचं घर्षण जाणवेनासं होतं आणि काही रात्री ती दिवसापेक्षाही जोरात वाहते. पहाटे टेकडीवरून शेकोट्यांचा धूर शहरावर चादरीसारखा सपाट पसरलेला दिसतो ना, तीच ही थंड हवा.

पवनचक्कीच्या दृष्टीने यात फार मोठी गोष्ट आहे. दहा मीटरवर सेकंदाला तीन मीटर वारा असेल, तर उंचीबरोबर वेग किती वाढतो ते सांगणाऱ्या, एक सप्तमांश घाताच्या नेहमीच्या सूत्राने शंभर मीटरवर ४.२ मिळतात. रात्रीच्या शांत थरात हाच घात ०.३ धरला तर ६. ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे दोन उत्तरांत जवळजवळ तिपटीचा फरक! गच्चीवरचा शून्य पाहून रात्री वारा नाही असं म्हणणं मला आता पटत नाही.

घनामुळे आणखी एक बदल केलाय. आधी दहा मिनिटांची सरासरी साठवत होतो. निम्मा वेळ २ आणि निम्मा वेळ ६ असा वारा असेल तर सरासरी ४, तिचा घन ६४. पण घनांची सरासरी ११२. म्हणून आता प्रत्येक नमुन्याचा घनही साठवतो. पुणे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाच-सहा टक्के विरळ, तेवढी वजावटही हिशेबात घेतली.

साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांची मोठी कमाई पावसाळी पश्चिमी वाऱ्यावर होते, त्यामुळे हा पाइप जूनपर्यंत उतरवणार नाही. तोवर धायरी किंवा बावधनकडे कुणाच्या गच्चीवर वाट्या असतील, तर फेब्रुवारीत संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळात एकाच घड्याळावर नोंदी घेऊया. वारा आधी कुणाकडे पडतो ते मला पाहायचंय.