ताई सुट्टीवर, रिलिव्हर ड्युटीवर

शनिवार, रात्री साडेअकरा

बाबा आत्ता कुठे झोपलेत. बाबांना सांभाळायला चोवीस तास आमच्याकडे असणारी ताई गावाला गेलीये, जिंतूरकडे, पुतणीचं लग्न आहे, मंगळवारी येते म्हणालीये, आणि तोपर्यंत ब्युरोने (अशा बायका पुरवणारी एजन्सी) रिलिव्हर, म्हणजे बदली मुलगी, पाठवलीये. आज तिचा पहिला पूर्ण दिवस होता. मुलगी वाईट नाहीये, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल मी नुसती कुरकुर करत बसलीये. पांढरा कोट, केस नीट बांधलेले, फाईलमध्ये प्लास्टिकच्या कव्हरात सर्टिफिकेट. ताईकडे यातलं काहीच नाही. ताई गाऊनवर ओढणी घेऊन वावरते.

तर सकाळची आठची सिंडोपा, म्हणजे बाबांची पार्किन्सन्सची (कंपवाताची) गोळी, हिने बाबांना कपभर दुधाबरोबर दिली. मायेनेच दिली, उपाशीपोटी औषध नको म्हणून, वर दोन बिस्किटं. आता पार्किन्सन्स असलेल्या कुठल्याही घरात विचारा, या गोळीचं आणि प्रथिनांचं अजिबात जमत नाही, आतड्यातून आत शिरायला दोघांना वाट एकच, त्या गर्दीत गोळी मागे राहते, म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पाण्याबरोबर द्यायची. फ्रिजवर कागद लावलाय, मी वाचूनही दाखवला होता, ती हो हो मॅडम माहितेय म्हणाली होती. एरवी साडेनऊला काठी टेकत बाल्कनीपर्यंत जाणारे बाबा आज अकरा वाजले तरी खुर्चीत ताठ बसून, चेहऱ्यावर काही नाही, तोंडातून लाळ. मी ऑफिसला दांडी मारली होती म्हणून कळलं तरी.

तिच्यावर चिडावं असं वाटेना पण. "माहीत नाही" म्हणायची सोयच नाहीये या मुलींना. पहिल्याच दिवशी म्हणाली की मला हे येत नाही, तर घरचे लगेच ब्युरोला फोन लावणार, दुसरी पाठवा. मग त्या सगळ्यालाच हो म्हणतात. मीही तिच्या जागी असते तर हो हो माहितेयच म्हणाले असते.

दुपारी बाथरूमच्या दारात बाबांचे पाय चिकटले. हे रोजचंच आहे, दार आलं, उंबरा आला की पाय जमिनीला फेविकॉल लावल्यासारखे होतात. हिने समोरून दोन्ही हात धरून ओढायला सुरुवात केली, आणि ओढलं की अंग पुढे येतं, पाय मागेच राहतात, म्हणजे तोंडावरच आपटायची तयारी. मी धावत गेले म्हणून निभावलं. ताईने तिथे जमिनीवर लाल इन्सुलेशन टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्यात, एकेका पावलाच्या अंतरावर. ती बाजूला उभी राहते, कमरेला आधार, हात अजिबात ओढत नाही, आणि म्हणते "बाबा, लाल पट्टी ओलांडायची हं" आणि मग हळू आवाजात ग्यानबा-तुकाराम, ग्यानबा-तुकाराम. बाबा आयुष्यात कधी वारीला गेले नाहीत, एलआयसीत ऑफिसर होते आणि देवळातसुद्धा आईच्या आग्रहाने जायचे, पण त्या ठेक्यावर पाऊल बरोब्बर उचलतात. न्यूरोलॉजिस्टना सांगितलं तर ते म्हणाले हे अगदी शास्त्रशुद्ध आहे, अडकलेल्या माणसाला डोळ्यासमोर रेघ किंवा कानात ताल दिला की चाल सुटते, फिजिओथेरपीत हेच शिकवतात.

ताईला हे कुणी शिकवलं? आमच्याआधी ती निगडीत एका आजोबांकडे होती, त्यांना शिकवायला फिजिओ यायचे, ते तिने बघितलं. ग्यानबा-तुकाराम मात्र तिचं स्वतःचं, तिथे म्हणे इंग्रजीत वन-टू चालायचं. ते आजोबा गेले, ती आमच्याकडे आली आणि ते सगळं ज्ञान तिच्याबरोबर आलं. ब्युरोच्या रजिस्टरात याची कुठे ओळसुद्धा नाही. तिथे लिहिलंय: फिमेल अटेंडंट, २४ तास, डायपर चालेल. रिलिव्हरच्या नावापुढेही तेच. रेटही तोच.

मला आज दिवसभर हेच खुपतंय. आपण तास विकत घेतो. १२ तास की २४ तास, एवढंच विचारतात फोनवर, आणि पेशंट किती किलोचा. त्या तासांत काय होतं ते मोजणारं कुणीच नाही, ना ब्युरो, ना सरकार, आणि खरं सांगायचं तर घरचेही नाहीत, कारण घरच्यांना काय बघायचं हेच माहीत नसतं. घर स्वच्छ दिसतं का, बाई मोबाईल बघते का, किती चपात्या खाते (हो, हेही मोजणारे लोक आहेत, आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत).

बाबांच्या माकडहाडावर मध्यंतरी लाल डाग आला होता, रुपयाएवढा. मला वाटलं डायपरची अ‍ॅलर्जी, पावडर लावून चोळते. ताईने हात धरला. अंगठ्याने डाग दाबला, सोडला, आणि म्हणाली बघा, दाबल्यावर पांढरं व्हायला पाहिजे, मग परत लाल, हे पांढरं होतच नाहीये, म्हणजे आतलं कातडं दुखावलंय, चोळायचं नाही. त्या रात्रीपासून दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे उशी तिरकी, पोटऱ्यांखाली उशी म्हणजे टाचा अधांतरी राहतात. एअर मॅट्रेस आणली तरी कूस बदलणं सोडलं नाही तिने, हवा भरलीये म्हणून बाकीच्या घरांत तेच सोडतात म्हणाली. डाग गेला. बेडसोअर झालाच नाही, म्हणजे बिल नाही, ड्रेसिंग नाही, फोटो नाही. न झालेल्या गोष्टीचं कौतुक कोण करणार? माझ्या भावाला तर ते कळलंच नाही.

भाऊ सिअ‍ॅटलला. त्याने बाबांच्या खोलीत कॅमेरा बसवलाय, आपल्याकडे रात्र असते तेव्हा त्याचा दिवस, त्यामुळे ऑफिसात बसून तो मधेमधे बघतो आणि मला व्हॉट्सअ‍ॅप, "ती पुन्हा झोपलीये." अरे झोपणारच ना! चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई असं कसं असेल, रात्री दहाला आडवी होते, बारा, दोन, चार, तीनदा उठते कूस बदलायला, शिवाय बाबांना रात्री भास होतात तेव्हा बसून राहते, सकाळी सहाला परत उभी. हे रोज. आठवड्याची सुट्टी नाही. सुट्टी घेतली तर पगार कापून. कॅमेरात ती झोपलेली दिसते, उठलेली बघायला नेमका हा मीटिंगमध्ये असतो.

आणि पैसे. आम्ही ब्युरोला दिवसाचे ९०० देतो. तिच्या हातात किती पडतात हे विचारायला मलाच लाज वाटत होती, शेवटी तिनेच सांगितलं, साडेसहाशे. शिवाय ब्युरोची खोली, जिथे ड्युटी नसताना राहतात, तिचं भाडं वेगळं. थेट तिच्याशी व्यवहार करावा तर करारात कलम आहे, दंड. ब्युरोवाल्याचंही चूक नाही सगळं, उद्या बाई पळाली, काही चोरीला गेलं तर लोक त्याच्याच दारात जातात, मान्य. पण मग त्या अडीचशेत एखाद दिवसाचं ट्रेनिंग तरी बसवा की. भरवताना ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, घास गिळलाय का बघून मगच पुढचा, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. एवढं जरी सगळ्यांना आलं ना, तरी अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारे किती न्यूमोनिया टळतील.

कायद्याचं बघायला गेले होते मागे. ज्येष्ठ नागरिकांचा कायदा २००७ चा, तो मुख्यतः मुलांनी पोटगी द्यायची वगैरे. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान निकष असं होतं, मी खूशच झाले होते वाचून. ते मंजूर झालंच नाही, लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. नर्सला कौन्सिलची नोंदणी लागते. अटेंडंटला काही नाही. जनरल ड्युटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे सरकारमान्य कोर्सेस आहेत खरे, पण कोर्स नसला तरी काम मिळतंच, आणि केला तरी रेट वाढेलच असं नाही, मग कोण महिने घालवणार. २०११ च्या जनगणनेतच साठीपुढची माणसं देशात दहा कोटींवर होती, आणि त्यांना उठवायला-बसवायला येणाऱ्या बायका मात्र कुठल्या खात्याच्या हिशोबात नाहीत.

रविवार, सकाळ

रिलिव्हरला आज शेजारी उभं करून सगळं करून दाखवलं. गोळी पाण्याबरोबर, घड्याळात आठ, नाश्ता पावणेनऊला. पट्ट्या दाखवल्या. ग्यानबा-तुकाराम म्हणायला लाजत होती, मग मोबाईलवर भजन लावू का म्हणाली, लावलं, बाबा दोन पट्ट्या गेले आणि तिसरीवर थांबून म्हणाले, "ही चाल फार फास्ट आहे." ती इतकी हसली. मग विचारलं, मॅडम, डाग दाबून बघायचं मला पण दाखवता का, आमच्या कोर्समध्ये पुस्तकात होतं, पेशंटवर कधी केलं नाही. सर्टिफिकेट खोटं नाहीये म्हणजे, तीन महिन्यांत तिला हात लावायला माणूसच मिळाला नाही.

दुपारी ताईचा फोन. आधी बाबांचं पोट साफ झालं का, मग लग्नाचं. मंगळवार संध्याकाळपर्यंत पोचते म्हणाली.

मी ठरवलंय. ती आली की चोवीस तास बंद. बारा-बारा तासांच्या दोघी, दिवसा ताई, रात्री ही मुलगी, यायची तयारी असेल तर, आणि दोघींना आठवड्याची भरपगारी सुट्टी, त्या दिवसाचे आम्ही वरचे भरायचे. खर्च दीडपटीच्या वर जातोय, हिशोब करून बघितलाय. ब्युरोवाला कुरकुरणार नाही, त्याला दोन कमिशन. कुरकुरणार सिअ‍ॅटलवाला. त्याला रात्री साडेनऊला फोन करते, त्याची सकाळ असते, कॉफी झालेली असते.