कुकडीकाठची आमची बाग

नारायणगावजवळ कुकडीच्या खोऱ्यात आमची द्राक्षबाग आहे आणि आता तिथेच घरची छोटी वायनरी उभी राहतेय. खायच्या द्राक्षासारखी फुगवण आम्हाला नकोच. शिराझ या वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान राहिला तरच वाइनला रंग आणि चव येते, हे बाबा येणाऱ्या प्रत्येकाला समजावतात.

सेंद्रिय बागेची खरी कसोटी म्हणजे केवडा आणि भुरी हे वेलीचे दोन रोग. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की आई पहाटेच पानं उलटून बघायला लागते. केवड्याला मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी, भुरीला गंधक. बोर्डोही मोजूनमापूनच, कारण मोरचुदातलं तांबं मातीत साठून राहतं. शिवाय सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी अशा बहुवर्षीय पिकाला ३ वर्षं रूपांतराची, म्हणजे साध्या शेतीतून सेंद्रियकडे वळण्याची. तेवढा काळ खर्च सेंद्रिय शेतीचा आणि भाव साध्या मालाचा. त्यामुळे मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याइतकाच मला वहिनीच्या हिशेबाच्या वहीचा आधार वाटतो.

तोडणी उजाडायच्या आत, घड थंड असतानाच. चेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचा रस १५ अंश सेल्सियसच्या आसपास सावकाश आंबवायचाय. वीज गेली तरी तो थंडावा टिकायला हवा, म्हणून टाक्यांआधी जनरेटर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. दादाला अजून ते पटलेलं नाही.