माझा अनुभव : बसचं दार आणि फुटपाथमधली फट

वाहन डिझाइन शिकताना माझी सगळी जागरणं गाड्यांच्या बाहेरच्या रेषांसाठी झाली. भिंतीवर काळ्या टेपने पूर्ण मापाची गाडी ओढायची, क्ले, म्हणजे मॉडेल बनवायची माती, गरम करून थापायची, मग खरवडत खरवडत प्रकाश कुठे मोडतो ते बघायचं. हे मला मनापासून आवडायचं, आजही आवडतं. शिक्षण संपल्यावर मात्र मी ठरवून शहर बसच्या कामात गेले. ज्यांच्याकडे दुसरं वाहन नाही, त्यांच्यासाठी काम करायचं होतं. तिथे माझ्या वाट्याला अख्खी बस आली नाही. आला तो फक्त पुढचा दरवाजा, त्याचे धरायचे दांडे आणि रॅम्प, म्हणजे व्हीलचेअर चढवायची उतरती फळी. दोन वर्षं मी तेवढंच केलं. या क्षेत्रात येऊ बघणाऱ्यांना ही वाट आतून कशी असते ते कळावं, म्हणून लिहिते आहे.

सुरुवातीचे काही आठवडे एकही चित्र काढायचं नाही, असं वरिष्ठांनी बजावलं होतं. मी थांब्यांवर उभी राहून चढणाऱ्यांचे हात बघायचे. पायांकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. पण वयस्कर माणूस पाय उचलायच्या आधी हात पुढे टाकतो आणि जे पहिलं सापडेल ते धरतो. पुष्कळदा ती दाराची झडपच असते, म्हणजे जी आता मिटणार आहे तीच. हे एकदा दिसलं आणि मग दिसतच राहिलं.

त्यानंतर प्लायवूडचा पूर्ण मापाचा दरवाजा उभा केला. माझा पहिला दांडा दाराच्या वळणाला धरून वर जाणारा, करड्या रंगाचा होता. कागदावर तो फार छान दिसत होता. चाचणीला एक आजी आल्या. उजव्या हातात पिशवी, डाव्या हातात काठी. त्यांनी काठी मनगटाला अडकवली, हात पुढे केला आणि दांड्याच्या वीतभर खाली प्लायवूडची नुसती कड धरली. तीनदा चढल्या, तिन्ही वेळा कडच धरली.

मी विचारलं, "आजी, दांडा दिसला नाही का?"

"दिसला गं. पण तिथवर हात न्यायचा तर आधी वर चढायला हवं."

त्याच संध्याकाळी दांडा करवतीने कापला. खालचं टोक वीतभर खाली आणि दाराच्या बाहेरच्या कडेपर्यंत पुढे आणलं. मागच्या पृष्ठभागावर उठून दिसावा म्हणून रंग पिवळा केला. पुढच्या चाचणीत आजींचा हात थेट दांड्यावर गेला.

रॅम्पने मात्र खूप दमवलं. लो-फ्लोअर बसचा मजला रस्त्यापासून साधारण ३२० मिलिमीटर वर असतो. दाराच्या बाजूच्या सस्पेन्शनमधली, म्हणजे बस तोलून धरणाऱ्या हवेच्या उशांमधली, हवा सोडून बस झुकवली की तो २५० च्या आसपास येतो. फुटपाथ १५० मिलिमीटर उंच असेल तर उरतात १००. इमारतींसाठी १:१२ चा उतार धरतात, म्हणजे एक माप चढायला बारा मापं लांबी. तो इथे लावला तर रॅम्प १.२ मीटरचा होतो. पण बस फुटपाथला न लागता भर रस्त्यात थांबली, तर त्याच उताराला ३ मीटरचा रॅम्प लागेल. तेवढा दारात बसवायचा कुठे? मग उतार तीव्र करावा लागतो, आणि उतार तीव्र झाला की व्हीलचेअरवरच्या माणसाला मागून ढकलणारं कोणीतरी लागतं. स्वतःहून चढता येणं आणि कोणीतरी चढवणं यातला फरक त्या एका आकड्यात होता.

चालक फुटपाथला लागून बस का उभी करत नाहीत, हे मी एका अनुभवी चालकांना विचारलं. ते म्हणाले, "कडेला घासला की टायर जातो, मॅडम." त्यांचं खरंच होतं. दोष त्यांच्या सवयीचा नव्हता, कडेच्या आकाराचा होता. जर्मनीतल्या कासेल शहरात १९९० च्या दशकात यासाठीच आतून वळणदार कडेचा दगड तयार केला गेला. टायर त्या वळणाला टेकतो आणि बस आपोआप कडेलगत सरळ होते, टायर सोलला जात नाही. त्याआधी ब्राझीलमधल्या कुरितिबात १९९१ साली नळीच्या आकाराची स्थानकं आली. तिथे फलाटच बसच्या मजल्याइतका उंच आणि दारातून खाली पडणारी फळी फट झाकते. दोन्हीकडे बस आणि थांबा यांचा विचार एकत्र झाला होता. माझ्या नकाशात फुटपाथच नव्हता. तेव्हापासून बसचा एकही छेद, म्हणजे उभी कापून दाखवलेली आकृती, मी फुटपाथाशिवाय काढलेला नाही.

पण थांबा दुसऱ्या खात्याकडे. बस बनवणारे म्हणायचे रस्ता आमचा नाही, रस्त्यावाले म्हणायचे बस आमची नाही. बैठकांमागून बैठका झाल्या. याचा राग मला अजूनही येतो, कारण त्या प्रत्येक बैठकीच्या वेळी कोणीतरी थांब्यावर ताटकळत होतं. शेवटी मी एका थांब्यावर चालक आणि रस्त्याचे अभियंता दोघांनाही बोलावलं. बस पाच वेळा आणून उभी केली आणि प्रत्येक वेळी चाकाशी खडूची रेघ मारली. पाच रेघा, पाच ठिकाणी. अभियंता स्वतः खाली बसले, खिशातून टेप काढली आणि प्रत्येक फट मोजली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एका थांब्यावर करून बघू."

वळणदार कड बसवल्यानंतरच्या चाचणीला व्हीलचेअर वापरणाऱ्या एक ताई आल्या. बस कडेला टेकून थांबली, हवा सुटल्याचा आवाज झाला, दार खाली आलं, रॅम्प उघडला. मदतीला पुढे झालेल्या मुलाला त्यांनी हातानेच थांबवलं. दोन्ही चाकं धरून तीन ढकलण्यांत वर. आत वळल्या, परत खाली उतरल्या, पुन्हा चढल्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "चढता येतं. पण रॅम्पच्या तोंडाशी पुढच्या छोट्या चाकांना दणका बसतो. तेवढं बघा."

रॅम्पच्या तोंडाची ती पट्टी सध्या माझ्या टेबलावर आहे. तिची कड आणखी निमुळती करते आहे.