तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं छान करता, मग विकत का नाही?

राखीच्या आधी एकदा, दिवाळीच्या आधी एकदा, आणि कुणाच्या बारशाला मी हाताने केलेलं कार्ड पोचलं की त्याच संध्याकाळी. प्रश्न ठरलेला: "अहो, एवढं छान करता, मग विकत का नाही?" हेतू चांगला असतो, कळतं मला. तरी हल्ली चिडचिड होते. कुणाच्या हाताला चार गोष्टी बऱ्या जमल्या की लगेच त्यांना दर लावायलाच हवा का? शेजारच्या काकूंच्या पुरणपोळ्या खाऊन हात धुवायच्या आधी लोक त्यांना ऑर्डरचं विचारतात. (मीही विचारलंय.)

आजवर मी दोन उत्तरं देत आले. एक, वेळ नाही. दुसरं, विकायला लागलं की आनंद जातो. दुसऱ्यावर लोक मान डोलावतात, म्हणून ते जास्त वापरलं. दोन्ही खोटी. मुलगा नोकरीला लागल्यापासून दुपारी घरात मी आणि पंखा. आणि आनंदाचं म्हणाल, तर पैसे हातात पडल्याचा आनंद मला चांगला ठाऊक आहे. मी एकदा विकली आहेत. ७५ कार्डं.

मैत्रिणीच्या वहिनीच्या सुनेची पहिली मंगळागौर होती, तिची आमंत्रणं. हातकागदावर खणाचा चौकोन, आत मजकूर माझ्या हातचा. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा. १९४० पासून तिथे चिंध्यांचा लगदा करून कागद बनवतात. कापडाच्याच कागदावर कापड, या कल्पनेवर मी भलतीच खूश होते. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, जांभळा. फेविकॉलने तो ताठ होतो आणि डाग वर उमटतो, म्हणून मैद्याची खळ केली. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, बुरशी आणि कसर लागू नये म्हणून. मी घातला नाही. मोरचूद विषारी, आणि भाचीचं रांगतं मूल तेव्हा आमच्याकडे होतं. हे कारण खरं आहे. कागदावर निळसर झाक येईल ही भीतीही होती, आणि तीच जास्त होती.

आषाढ, आणि डोंबिवलीचा पाऊस. मे महिन्यात दीड दिवसात वाळणारं कार्ड चार दिवस घेत होतं. वर्तमानपत्रात घालून पाटाखाली दाबायचं, सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचे. शेवटची तीस राहिली होती तेव्हा वहिनींचा फोन आला, दोन दिवस आधी मिळतील का? नाही म्हणायचं की नाही? मी म्हटलं, "हो हो, झालीतच."

कागद ओलसर आहे की नाही ते बोटांना कळत नाही, गालाला कळतं. ओला असेल तर गार लागतो. गार लागली. किंचित आंबूस वासही होता. तासभर पंख्याखाली ठेवली, मग दहा-दहाचे गठ्ठे करून रिबीन बांधली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्यात भरली. काय करतेय ते कळत होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वहिनींचा मेसेज आला, "मिळाली, छान आहेत." पैसेही आले, चाळीसप्रमाणे पूर्ण तीन हजार.

मंगळागौरीला मला फोनवर बोलावलं. मीच केलेलं कार्ड मला कशाला पाठवतील, म्हणून काही वाटलं नाही. रात्री खेळ रंगले होते, मी पाणी प्यायला आत गेले. फ्रिजवर वाणसामानाची यादी लावली होती. मटकी दोन किलो, रवा, केळी. माझ्या कार्डाच्या पाठीवर. उलटून पाहिलं. खणाच्या चारी कडांनी हिरवट-काळे ठिपके, खळ जिथवर पसरली होती नेमके तिथवर. सगळ्यांना आमंत्रण मोबाइलवर गेलं होतं, ते नंतर कळलं.

वहिनी मागे उभ्या होत्या. "पावसाचे दिवस गं," एवढंच म्हणाल्या आणि पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. बाहेर पिंगा चालला होता. डोकं दुखतंय सांगून मी निघाले.

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. हवा तशी, घाई तुमचीच, सगळं ओठावर होतं. त्यांनी वावच दिला नाही. पैसे परत करायचे म्हणून दोनदा पाकीट भरलं. शेवटी त्यातून कटिंग मॅट आणली. अजून तीच वापरते.

हिशेब सांगू? एका कार्डाला पंचवीस मिनिटं, म्हणजे ७५ कार्डांना सव्वाएकतीस तास. सामान कार्डामागे चौदा रुपयांचं. तासाला बासष्ट रुपये पडले. कष्टाचं मोल होत नाही, असं रडायला हा आकडा सोयीचा आहे, आणि मी तो वापरलाही. पण चाळीस हा दर मीच सांगितला होता, नको म्हणतील या भीतीने.

तेव्हाची मी मला विचारते, एकदा बुरशी आली म्हणून कायमचं बंद? भेट दिलेल्या कार्डांना येत नसेल? येत असेल की. पण भेटीची तक्रार कोण करतं! म्हणजे फुकट देते ते मन मोठं म्हणून, की कुणी काही बोलू नये म्हणून? यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि तेव्हाच्या तिला फार बोलायचा अधिकार आहे असंही नाही, पिशवीची गाठ तिनेच मारली होती.

गेल्या आठवड्यात त्याच सुनेचा फोन आला. मुलीचा पहिला वाढदिवस आहे, पंचवीस कार्डं हवीत, "पैसे घ्यायचे हं काकू." जानेवारीतला कार्यक्रम, हवा कोरडी. मी "बघते" म्हटलंय. मोरचूद आणलाय. वरच्या फळीवर आहे, पुडी अजून फोडलेली नाही.